बिनीला काकू, पायथ्याला आप्पा

निघायच्या आदल्या संध्याकाळी पाटसच्या नागेश्वर मंदिराबाहेर सतरंजीवर एकतीस जोड बूट ओळीनं मांडले होते. एकेक बूट हातात घ्यायचा, टाच आणि चवडा धरून मधोमध वाकवायचा, तळव्याच्या कडेवर अंगठा दाबत पुढून मागे न्यायचा, असं चाललं होतं. एका पोराचे बूट दिसायला कोरे करकरीत. तीन वर्षांपूर्वी भरतीच्या तयारीसाठी घेतलेले, मग खोक्यासकट माळ्यावर गेलेले. वाकवला तसा तळवा पुढून सुटला, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा, आणि आतला पांढरट भुगा सतरंजीवर सांडला. पोरगा रडवेला झाला. "दादा, एकदापण घातले नव्हते हो."

न घातलेला बूटच जास्त दगा देतो. तळव्यातला फोम हवेतल्या ओलाव्यानं आतून कुजत जातो आणि वरून काही कळत नाही. हाच बूट दुसऱ्या दिवशी तोरण्याच्या कातळावर सुटला असता तर काय झालं असतं, ते मी पाहिलेलं आहे. रात्री नऊला त्याच्या चुलतभावाचे बूट आणले, दोन जोड मोजे चढवून मापात बसवले आणि यादीत त्याच्या नावापुढं खूण केली.

बिनी दरवाजाखाली भगवा धरून उभ्या असलेल्या तीस जणांचा फोटो नंतर गावभर फिरला. त्या फोटोच्या आधीचे दोन महिने मात्र कुणी पाहिले नाहीत, म्हणून ते सांगतो.

आम्ही सपाटीची माणसं. पाटस म्हणजे पुणे-सोलापूर महामार्ग, टोलनाका, दौंडच्या आधीचं रेल्वे स्टेशन, कारखान्याचं धुराडं आणि नजर जाईल तिथवर ऊस. आमच्या जवळचा किल्ला कोणता म्हणाल, तर भीमेकाठचा पेडगावचा बहादूरगड. तोही भुईकोट. १६८९ साली संभाजी महाराजांना कैद करून औरंगजेबासमोर उभं केलं ते तिथंच, त्यामुळं त्या मातीत पाय ठेवताना आमच्याकडचा माणूस आजही चप्पल काढतो. पण तिथं पायाला चढ लागत नाही. आमची पोरं उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढतील, दिवसभर दारं धरतील, थकणार नाहीत. डोंगराची गोष्ट वेगळी. सलग तीन तास एकाच दिशेला, वरच वर जाणं आमच्या पायांना ठाऊक नाही. आणि उतरणं तर त्याहून ठाऊक नाही.

तोरणा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. समुद्रसपाटीपासून १,४०३ मीटर. पायथ्याच्या वेल्ह्यातून चढ जवळपास सातशे मीटरचा. आधी सोंडेवरचा मुरूम आणि घसारा, मग कातळाचे टप्पे, त्यांना लावलेले लोखंडी कठडे, मग कड्याच्या पोटातली आडवी वाट आणि तिच्या शेवटी बिनी दरवाजा. वाटेत झाडाची सावली फारच थोडी.

या वाटेवरून आम्ही एकदा परत फिरलो होतो. ती गोष्ट पुढचं सगळं कळायला लागते, म्हणून आधी तीच. काही वर्षांपूर्वीचा मार्च महिना होता. चौदा जण, सगळे पंचविशीतले, आखणी माझी. पहाटे पाचला निघायचं ठरलं आणि निघालो साडेसहाला. वाटेत दोनदा चहा, एकदा मिसळ. वेल्ह्यात पायाला चढ लागला तेव्हा साडेदहा वाजले होते. माणशी एक लिटर पाणी. पहिल्या पठारावर निम्मं संपलं. कठड्याच्या खाली, कातळाच्या टप्प्यावर, पुढच्या एका पोराच्या बुटाचा तळवा लोंबायला लागला आणि मागचा, त्याच्याकडे वर बघता बघता, जागच्या जागी थिजला. दोन्ही हातांनी लोखंडी पाइप धरला आणि डोळे मिटले. वर जाईना, खाली येईना. पाइप उन्हानं इतका तापलेला की बाकीचे उपरणं गुंडाळून धरत होते, याला ते चटकेही कळत नव्हते. त्याची बोटं एकेक करून सोडवून, पाऊल धरून खालच्या खाचेत ठेवत त्याला पाच-सहा फूट उतरवायला आम्हाला पाऊण तास लागला. सुतळीनं बूट बांधून सगळे परत. कुणाला खरचटलंही नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. चूक चढताना झाली नव्हती. ती पाटसमध्ये, आदल्या दिवशी, माझ्या हातून झाली होती.

त्यानंतर मी वही केली. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची.

पहिला पेच तारखेचा. डोंगर चढायला उत्तम काळ म्हणजे पावसाळा सरल्यावर, वाटा वाळल्यावर, नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारीपर्यंत. आणि नेमका तोच आमच्याकडं गळीत हंगाम. कारखान्यावरच्यांना चार-बारा-आठच्या पाळ्या, ज्यांची तोड आली त्यांना शेत सोडता येत नाही, ट्रॅक्टरवाल्यांना तर रात्र आणि दिवस एकच. जुलै-ऑगस्टमध्ये सगळे मोकळे असतात, पण आमच्याकडं वर्षाकाठी साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पडणारा पाऊस तिकडं मावळात त्याच्या कित्येक पट पडतो. त्या धुक्यात, शेवाळलेल्या कातळावर, सपाटीची एकतीस माणसं घेऊन जायची हिंमत मी केली नाही, करणारही नाही. शेवटी डिसेंबरमधला एक रविवार धरला आणि पाळ्यांचे बदल मिळवायला दीड महिना गेला.

दुसरा पेच बाहेरच्या माणसाला कळणारच नाही असा: शेतीची लाईट. थ्री-फेज ज्या आठवड्यात रात्रीची असते, त्या आठवड्यात शेतकरी रात्री बारा-एकला मोटर चालू करायला उठतो, पाय चिखलात, अंगावर घोंगडं, आणि पहाटेपर्यंत दारं धरतो. असा माणूस अभिमानानं सांगतो, "दारं धरून तसाच गाडीत बसतो की." न झोपलेला माणूस चढताना चांगला चालतो, दुपारी उतरताना त्याचं पाऊल चुकतं. म्हणून वहीत प्रत्येकाच्या नावापुढं एक रकाना आहे, "लाईट कधीची?". ज्याची त्या आठवड्यात रात्रीची, त्याचं पाणी कुणीतरी दुसऱ्यानं द्यायचं, नाहीतर त्यानं यायचं नाही. त्या शनिवारी रात्री गावातल्या तीन जणांनी दुसऱ्यांच्या उसाला पाणी दिलं. फोटोत ते तिघे नाहीत.

वेळेचं गणित मला शाळेतल्या सरांनी शिकवलं. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटलंडच्या गिर्यारोहकानं १८९२ साली एक साधा हिशेब मांडून ठेवलाय: तीन मैल चालीला एक तास, वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. सरांनी फळ्यावर मांडलं. वेल्ह्यातून दरवाजापर्यंत अंदाजे तीन मैल, म्हणजे एक तास. चढ तेवीसशे फूट, म्हणजे सव्वा तासाच्या आसपास. सव्वादोन तास. "हा स्कॉटलंडच्या तरण्या गड्याचा हिशेब," सर म्हणाले, "आपण दीडपट धरू." म्हणजे साडेतीन तास. मग आम्ही वही उलटी भरली. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. चारला सगळे खाली हवेत. उतरायला तीन तास, म्हणजे एकला गड सोडायचा. त्याआधी गडावर सव्वातीन तास. म्हणजे चढाई सव्वासहाला सुरू. पाटस ते वेल्हे सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर, तीन-सव्वातीन तास. म्हणजे अडीचला गाडी हलली पाहिजे. मार्चच्या वेळी मी याच्या उलट मोजलं होतं, निघण्यापासून पुढं. तसं मोजलं की प्रत्येक चहा दुपारच्या उन्हातून वजा होतो.

सराव कुठं करायचा? सगळे म्हणाले सिंहगडला जाऊ. मी म्हणालो, रोटी घाट.

पालखीच्या वाटेनं चाललेल्यांना रोटी घाट माहीत असतो. तुकोबांची पालखी वरवंडहून निघते, पाटसला विसावते आणि रोटी घाट चढून उंडवडी गवळ्याच्या मुक्कामाला जाते. तोरण्यापुढं तो घाट काहीच नाही. पण आमच्या दारात आहे, आणि पाच रविवार, पाठीवर पाण्याच्या भरल्या बाटल्यांची पिशवी घेऊन, तोच घाट चार-चार वेळा चढा-उतरायचा म्हटलं की माणूस कळतो. मी चढणाऱ्यांकडं फारसं बघत नसे. उतारावर उभा राहून उतरणाऱ्यांचे गुडघे बघायचो. कोण टाचेवर आदळतो, कोण गुडघा ताठ ठेवतो, कोण उतारावर पळत सुटतो. पळणाऱ्याला सगळ्यात आधी वहीत लाल खूण.

दुसऱ्या रविवारी एक काकू आल्या. वय साठीच्या अलीकडं, गेली अठरा वर्षं वारीला जाणाऱ्या. सुनेचा पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, कपाळावर बुक्का. म्हणाल्या, "मला येऊ द्याल का? लहानपणापास्नं तोरणा-तोरणा ऐकतीय. वारीत घाट चढले, पण गड न्हाई बघितला." पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मी म्हणालो, "काकू, आज फक्त घाट चढून दाखवा."

पोरं पुढं गेली. काकू एका लयीत. पाऊल लहान, उचल कमी, अख्खा तळवा जमिनीला टेकवून. पहिल्या फेरीला त्या सगळ्यांच्या मागं. दुसऱ्या फेरीला मधे. चौथ्या फेरीला पोरं कठड्यावर बसून धापा टाकत होती आणि काकू त्याच लयीत, ओठांत नाम चालू ठेवून, वर पोचल्या होत्या. मी घड्याळ लावलं होतं. पहिल्या आणि चौथ्या फेरीत त्यांचा फरक एका मिनिटाहून कमी भरला. शेकडो किलोमीटर चालणाऱ्या माणसाला आपला दम कुठं ठेवायचा ते कळलेलं असतं. त्या दिवशी मी वहीतला सगळा क्रम बदलला. पुढं दणकट पोरगा ठेवायचा आणि मागचे फरपटत न्यायचे ही पद्धत रद्द. बिनीला काकू. बिनी म्हणजे फौजेची आघाडी. तिथला माणूस जसा चालेल तशी फौज चालते. काकूंच्या पुढं कुणी जायचं नाही, हा नियम पोरांना पचायला तीन रविवार लागले.

आणि मग वहीतलं सगळ्यात अवघड पान. आप्पा.

आप्पा कारखान्यातून निवृत्त झालेले, सगळी हयात वजनकाट्यावर. मोहिमेची कल्पना मुळात त्यांची. वर्गणीतला पहिला आकडा त्यांचा. पण त्यांना शुगर आणि बीपी, दोन्ही. तिसऱ्या रविवारी घाटात ते थांबले ते बराच वेळ थांबले. घाम असा की शर्ट पिळून निघावा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एवढा चढ नको. ते आप्पांना सांगायचं कुणी? मीच गेलो. ओसरीवर बसलो, चहा झाला, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनीच विचारलं, "नाव खोडलंस न्हवं माझं?" मी मान हलवली. बराच वेळ ते उंबऱ्याकडं बघत राहिले. मी म्हणालो, "आप्पा, वर तीस जण आहेत. खाली एकपण नाही. वर फोनला रेंज कधी असते, कधी नसते. आम्ही पाचपर्यंत खाली आलो नाही तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हे कुणाच्या हातात देऊ?" त्यांनी वही मागितली. तेव्हापासून वेल्ह्याचा तळ त्यांचा. त्यांनी वहीत स्वतःच्या हातानं एक रकाना वाढवला: 'परत आलेलं पाणी'. मला कळलं नाही. "काट्यावर गाडी दोनदा तोलायची असती," ते म्हणाले, "भरलेली आन् रिकामी. त्याबिगर माल किती ते कळत न्हाई."

पाणी माणशी तीन लिटर ठरलं. गडावर खोकड टाक्याचं पाणी असतं, पण त्याच्या भरवशावर आखणी करायची नाही, असं वहीच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. तीन लिटर म्हणजे पाठीवर तीन किलो. कुरकुर झाली. मी त्या मार्चच्या दुपारची गोष्ट पुन्हा सांगितली, कुरकुर थांबली. खायला केडगावकडच्या गुऱ्हाळातला गूळ, भाजके शेंगदाणे, धपाटे, काकडी, लिंबू-मीठ-साखरेच्या पुड्या. अत्तर, सेंट, अगरबत्ती घरी ठेवायची. कड्यांना आग्या मोहोळं असतात.

अडीचला गाड्या हलल्या, हे मला लिहिताना अजून बरं वाटतं. रात्रीच्या महामार्गावर उसाच्या जोडट्रॉल्या चाललेल्या, कित्येकांना मागं दिवा नाही, नुसती काळी भिंत समोर येते. म्हणून चालकाशेजारी जागा राहायला एक माणूस नेमलेला होता, त्यानं झोपायचं नाही आणि चालकाशी बोलत राहायचं. उरुळी कांचनला महामार्ग सोडला, शिंदवण्याचा घाट, वाघापूर, सासवड, नारायणपूर, कापूरहोळ, नसरापूर. मिसळ नाही. चहाचा थर्मास गाडीतच.

सव्वासहाला अंधारात बॅटऱ्या लावून चढाई सुरू झाली. पुढं काकू, शेवटी मी. मागचा माणूस म्हणजे झाडू. त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. पहिला तास पोरांच्या जिवावर आला, इतकी काकूंची चाल सावकाश. कुणीतरी कुजबुजलं, "अशानं संध्याकाळ होईल." दुसऱ्या तासाला सोंडेवर ऊन आलं आणि सगळे गप्प झाले. कुणालाच धाप लागली नव्हती.

कातळाच्या टप्प्याशी आलो. तोच टप्पा. मार्चमध्ये थिजलेला तो पोरगा, आता लग्न झालेला, एका मुलीचा बाप, आमच्यात होता. दोन महिने त्यानं एकही रविवार चुकवला नव्हता. तो काकूंच्या बरोबर मागं. पाइप या वेळी गार होता, दवानं ओला. काकू थांबल्या, वर न बघता कातळातली खाच बोटानं दाखवली. "हितं डावा. आता ह्यात उजवा. वर बघू नगंस, माझ्या टाचंकडं बघ." त्यानं त्यांची टाच धरून ठेवावी तशी नजरेत धरली आणि एकेक पाऊल टाकत गेला. मी खालून बघत होतो. त्याच्या पोटऱ्या थरथरत होत्या, पण पाऊल चुकत नव्हतं. वर पोचल्यावर तो काही बोलला नाही. पाठीवरची पिशवी काढली आणि दोन घोट पाणी प्यायला. वहीत वेळ लिहिली: नऊ बावीस.

आडवी वाट पार करून पावणेदहाला पहिलं माणूस बिनी दरवाजात. सरांच्या हिशेबात बसलो होतो. पण साडेअकरा ही आमची आणखी एक रेघ होती: साडेअकराला जो जिथं असेल तिथून परत, दरवाजा हाताच्या अंतरावर असला तरी. एव्हरेस्टवर १९९६ च्या मे महिन्यात वादळात आठ माणसं गेली. त्या मोहिमांमध्येही दुपारी दोनला परत फिरण्याची वेळ ठरलेली होती आणि शिखर समोर दिसत असताना ती ओलांडली गेली. तोरणा म्हणजे एव्हरेस्ट नव्हे, हे मलाही कळतं. पण दरवाजा समोर दिसल्यावर घड्याळ न दिसणं सगळीकडं सारखंच. म्हणून ती वेळ मी गावात, मंदिरात, सगळ्यांसमोर वदवून घेतली होती. रेघ वापरायची वेळ आली नाही.

कोठी दरवाजातून आत गेल्यावर मेंगाईच्या देवळात काकूंनी ओटी भरली. शिवाजी महाराजांनी १६४६-४७च्या सुमारास घेतलेला हा गड, स्वराज्याच्या अगदी आरंभीचा. डागडुजी करताना धन सापडलं आणि ते शेजारच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधायला लावलं, असं सांगतात. गडाच्या पसाऱ्यामुळं महाराजांनी त्याला प्रचंडगड म्हटलं. झुंजार माचीच्या वर उभं राहिलं की समोर राजगड असा दिसतो की हात लावावा. सर हे सगळं सांगत होते आणि मी मात्र माच्यांकडं बघताना एकाच गोष्टीचा विचार करत होतो: इथवर चुना, लाकूड, धान्य, दारूगोळा वर चढवणाऱ्यांची वही कोण लिहीत असेल? १७०४ साली औरंगजेबाच्या फौजेनं हाच गड घेतला, तोही रात्री कड्याला दोर लावून. त्यांच्यातही कुणीतरी दोराची लांबी आधी मोजलीच असणार. झुंजार माचीवर उतरणारा अवघड टप्पा आम्ही केला नाही. तो आखणीत नव्हता. पोरांनी खूप गळ घातली. नाही म्हणालो.

एकला गड सोडला. उतरताना क्रम तोच. ज्यांच्या नावापुढं लाल खूण होती, त्या दोघा पळणाऱ्यांना मी मुद्दाम काकूंच्या लगेच मागं ठेवलं. घसाऱ्यावर एकाचा पाय गेला, बसकण मारली, तळहात सोलला, हळद लावली, पुढं. गुडघे सगळ्यांचेच बोलत होते.

चार वाजून दहा मिनिटांनी पहिलं घर दिसलं. वेल्ह्यात गाडीच्या बॉनेटवर वही उघडून आप्पा उभे. टोपी नीट, चष्मा नाकावर, पेन हातात. एकेक माणूस समोरून जाताना ते नाव मोठ्यानं वाचत आणि बरोबरची खूण करत. काकू आल्या तेव्हा पेन थांबलं. "झालं का दर्शन?" काकूंनी ओटीतला नारळाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. आप्पांनी तो कपाळाला लावला आणि खिशात घातला. मी शेवटचा. तिसाव्या नावापुढं खूण झाली. एकतिसावं त्यांचं स्वतःचं. तिथंही त्यांनी खूण केली.

मला वाटलं, आता बसतील. त्यांनी गाडीतून कळशी काढली आणि प्रत्येकाला बाटल्या मागितल्या. उरलेलं पाणी एकेक करून त्या कळशीत ओतून, लिटरच्या मापानं मोजून घेतलं. तिसांचे नव्वद लिटर गेले होते. परत आले साडेसात.

"तीन न्हवं," रकान्यात आकडा लिहीत आप्पा म्हणाले, "पुढच्या खेपेला माणशी सव्वातीन धर. माघारी धा तरी आलं पाह्यजे."

मग ते पाणी त्यांनी सोललेल्या हातावर ओतायला घेतलं.